कडबा विचारणाऱ्या गंगाकाकू

कुकटपल्लीतल्या गारेगार मॉलमध्ये ज्वारीचं पाकीट हातात धरून "आन् कडबा कुठाय?" असं विचारणारी बाई अख्ख्या हैदराबादेत एकच असेल. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. गंगाकाकू.

काउंटरवरच्या मुलीनं गोंधळून कॉम्प्युटरमध्ये शोधलं. "स्टॉक नहीं है अम्मा."

काकू माझ्याकडे वळल्या, "बघ, हिलाबी ठाऊक हाय, संपला म्हणून."

काकू भालकीकडच्या, शेतकरी घरातल्या. मुलाच्या नोकरीपायी सत्तरीत इथं आल्या. टीव्हीवर मंत्री शेतीची नवी योजना सांगू लागले की त्या पडद्यालाच विचारतात, "आन् कडबा?" सुनेला बढती मिळाली, तेव्हाही तोंडातून तेच निघालं. बिचारी सून आठवडाभर अर्थ लावत होती.

मला अर्थ कळला तो साखरेच्या आजारामुळे. डॉक्टरांनी भात बंद केला तेव्हा माझं तोंड बघून काकू म्हणाल्या, "रडू लालास काय? मी हाय की." तेव्हापासून रोज दुपारी वरून गरम भाकरी येते. आज माझी साखर आटोक्यात आहे ती या बाईच्या तळहातांमुळे. त्याचे आभार मानायला गेलं की रागावतात, म्हणून मी गुपचूप खातो आणि ऐकतो.

"रेशनला तांदूळ स्वस्त झाला तसं गावानं ज्वारी खायचं सोडलं. सरकार भात घ्यायचं, गहू घ्यायचं. ज्वारी नेली की अडत्या नाक मुरडायचा. मग आमच्या ह्यांनी सोयाबीन पेरलं. पैसा आला, खोटं कशाला बोलू? पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. विकतच्या कडब्यावर बैल किती दिवस ठेवणार? आता तीच ज्वारी मॉलात बसली, भाव विचारू नको. पाकिटात बैल मावतो का रे?"

गेल्या दसऱ्याच्या सुमारास काकूंनी इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटात, मालकाला विचारून, ज्वारी पेरली. कणसं भरली तशी सगळी सोसायटी हुरड्याची स्वप्नं बघू लागली. हुरडा पोपटांनी खाल्ला. सेक्रेटरी हळहळले. काकू मात्र निवांत.

"खाऊ द्या की. दाणा कुणाला पायजे होता?"

ताटं वाळल्यावर त्यांनी पेंढ्या बांधल्या आणि माझी स्कूटर मागितली, माझ्यासकट. मेट्रोच्या खांबांखालून आमची वरात निघाली: पुढे मी, मागे काकू, मध्ये कडबा. सिग्नलला लोक फोटो काढत होते. काकू त्यांना हात करत होत्या.

जुन्या वस्तीत मल्लेशचा म्हशींचा गोठा आहे. पेंढ्या बघून तो हरखला. "पैसे कितने, अम्मा?"

"नक्को."

"तो दूध लेके जाव."

"नक्को रे बाबा. बस, खाने दे उसको."

काकू एका पालथ्या बादलीवर बसल्या. म्हशीनं पहिला घास ओढला. कर्रम्, कर्रम्.

"ऐक," काकू हळूच म्हणाल्या. "भिंतीपलीकडं गोठा होता आमचा. लगीन होऊन आले तवापासून ह्याच आवाजावर झोपले. बैल गेले आन् घर मुकं झालं बघ."

थोड्या वेळानं बघतो तर काकूंची मान झुकलेली, डोळा लागलेला. मल्लेशनं मोबाइलवरचं गाणं बंद केलं. म्हशीपुढची पेंढी संपत आली होती. मी दुसरी सोडली आणि आवाज न करता तिच्यापुढे सरकवली.