वाटीची व्युत्पत्ती आणि उपाशी आत्या

कोणताही शब्द वापरण्यापूर्वी तो आला कुठून हे तपासणं, हे सुसंस्कृत घराचं पहिलं लक्षण आहे. आमचं घर तर अतिसुसंस्कृत. म्हणूनच आत्याची अक्कलदाढ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहेत, घरी गेल्या गेल्या वाटीभर सूप द्या," तेव्हा आम्ही मुळीच घाई केली नाही.

सूप तयार होतं. (आईचा उतावळेपणा, दुसरं काय!) ती वाटी काढणार तोच वजनमापे कार्यालयात साहेब असलेले काका म्हणाले, "वहिनी, थांबा. वाटी म्हणजे नेमकी केवढी?"

प्रश्न रास्त होता. आमच्या मांडणीवर एका वाटीचं दुसरीशी पटत नाही.

बाबा भाषेचे प्राध्यापक. "आधी व्युत्पत्ती! मूळ सापडलं की माप आपोआप सापडतं."

झालं, बैठक बसली. उपस्थिती शंभर टक्के. आत्याच्या तोंडात कापसाचा बोळा, म्हणून तिला तटस्थ धरण्यात आलं. तिनं टेबलावर चमचा आपटला. ते अनुमोदन समजलं गेलं.

बाबांच्या मते वाटी आली 'वाटा'वरून. काकांच्या मते गुडघ्याच्या वाटीवरून. "दादा, तूच सांग, माणसाला आधी भांडी आली की गुडघे?"

बाबांनी हात टेकले! (मी टाळ्या वाजवल्या. शाळेत असलं काही शिकवतच नाहीत.)

तेव्हा ओघानंच ठरलं, की रुग्णाच्या गुडघ्याएवढी वाटी हेच शास्त्रशुद्ध माप. काकांनी टेप आणून आत्याचे दोन्ही गुडघे मोजले. डावा किंचित मोठा निघाला. आता सूप कुठल्या गुडघ्यानं द्यायचं?

"अहो भाऊजी, गार होतंय ते!" आई म्हणाली. विषयाला धरून नसल्यामुळे हे विधान कामकाजातून वगळण्यात आलं. आई तरातरा निघून गेली.

मग आत्या उठली. तोंडातला बोळा तिनं काकांच्या हातावर ठेवला, पातेलं उचललं आणि थेट तोंडाला लावलं. बधिर ओठांतून निम्मं सूप गाऊनवर सांडलं. ती काहीतरी बोललीही. 'मेल्यांनो' असावं.

"पातेलं..." बाबा विचारात पडले. "हा शब्द कुठला रे?"

हसताय? हसा. पण खरं सांगा, आत्या उपाशी बसलेली असताना तुम्हीसुद्धा बाबा जिंकतात की काका, हेच बघत होतात ना? मग लाजू नका, या. आईची खुर्ची रिकामीच आहे.