गावातलं प्लास्टिक आत गेलं

ढोकीजवळच्या एका गावानं प्लास्टिकमुक्त व्हायचं ठरवलं. तपासणी समिती सोमवारी धाराशिवहून येणार होती आणि गावात तीन ट्रॉल्या भरतील एवढं प्लास्टिक होतं. ग्रामसेवक गौरीशंकर यांनी विल्हेवाटीचा शास्त्रशुद्ध मार्ग काढला: घरटी दोन पोती, अंघोळीच्या बंबासाठी, मोफत.

शिवलिंगप्पा आपली दोन पोती परत करायला ग्रामपंचायतीत गेले. त्यांची बायको नागम्मा पोळ्याच्या आधी बीपीनं गेली होती. तीस वर्षं तिनं पहाटे बंब पेटवला. दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, हाताला येईल त्यावर. आता सून शिवलीला पेटवत होती आणि तिचंही बीपी वाढायला लागलं होतं.

"डॉक्टर म्हणले, धुरातलं विष रक्तात उतरतंय," शिवलिंगप्पा म्हणाले. "रक्तवाहिनीला आतनं पेशींचं अस्तर असतंय. त्या पेशी सुजतात, चिकट होतात, नळी आवळून धरतात. हिचं तसंच झालं."

"पेशींनी तक्रार कधी केली?" गौरीशंकरांनी विचारलं.

"पहिल्या धुरापासनंच करतात म्हणं."

"लेखी?"

शिवलिंगप्पांनी खिशातला अर्ज पुढं केला.

"अप्पा, वाईट वाटून घेऊ नका. पण पेशी काय मतदार हायत का? कुठल्या रजिस्टरला घेऊ त्यांना?"

तरी माणुसकी म्हणून गौरीशंकरांनी अर्ज घेतला आणि शेरा मारला: 'संबंधित पेशींनी ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे.' पोती मात्र परत घेतली नाहीत. वाटपाच्या यादीवर सही झाली होती.

सोमवारी समिती आली. गल्लीत एक पिशवी दिसेना. आभाळ तेवढं काळं होतं.

"हवा आपल्या तपासणीच्या नमुन्यात नाही," अध्यक्ष खोकत म्हणाले आणि त्यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले. सन्मानपत्र प्लास्टिकच्या कव्हरात होतं.

"बघा अप्पा, कुठं दिसतंय का प्लास्टिक?" गौरीशंकरांनी शिवलिंगप्पांना विचारलं.

"न्हाय. आत गेलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवलिंगप्पांनी परसातल्या बंबात तांब्याभर पाणी ओतून निखारे विझवले.

"शिवलीला, आजपासनं मी गार पाण्यानं अंघोळ करणार. ह्याच्याजवळ बसायचं न्हाय."

"मामा, हे आत्याबाईंना कधी म्हणला न्हाईत."

तेवढ्यात त्यांचा मुलगा कृष्णराज खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला. तीस वर्षं बंबाबद्दल त्या घरात जो एकच प्रश्न शिवलिंगप्पांनी रोज विचारला होता, तोच त्यानं जांभई देत विचारला.

"तापलं का गं?"