'उकळून प्या' या सूचनेचा खरा अर्थ

कोणतीही गोष्ट खरी की खोटी, हे ती कोण सांगतं यावर ठरतं. लोकव्यवहाराचा हा पाया आहे.

आमची भाची पाणीपुरवठा खात्यात जनसंपर्क अधिकारी आहे. या हुद्द्यावरच्या माणसाला फक्त हसायचं असतं, सगळीकडे फुकट प्रवेश असतो आणि काळ्याचं पांढरं करता येतं, अशी आमच्या घराण्याची पक्की माहिती आहे. (तिला कधी विचारलेलं नाही. उगाच कामात व्यत्यय नको.)

परवा मोठी जलवाहिनी फुटली आणि नळाला विटकरी पाणी आलं. साहेबांनी मसुदा दिला: 'नागरिकांना खनिजयुक्त पाण्याचा लाभ.'

भाची म्हणाली, "साहेब, लोक आजारी पडतील. गढूळ आहे, उकळून प्या, एवढंच लिहू."

"मग तुम्हाला ठेवलंय कशाला?"

"हेच सांगायला."

दीड तास हुज्जत घालून, नोकरी पणाला लावून तिने चौकाचौकात नोटीस लावली: 'पाणी गढूळ आहे. उकळून प्या. – जनसंपर्क अधिकारी.'

खाली हुद्दा नसता तर लोक फसलेच असते. पण जनता सुजाण. हे लोक नेहमी उलटं बोलतात; म्हणजे पाणी उत्तम असणार आणि आपण कमी प्यावं म्हणून ही शक्कल! मी स्वतः दारोदार पाहणी केली. चारशे बारापैकी तीनशे पंच्याहत्तर घरांत लोक पाणी तसंच प्यायले. उरलेल्या सदतीस घरांनी उकळलं, कारण खालचा हुद्दा वाचायला चष्मा सापडला नव्हता. (शिकवणीच्या मुलांना मी 'उकळून प्या'चा अर्थ विचारला. म्हणाली, "उकळून प्यायचं." लहान आहेत अजून.)

भाचीने आईला, म्हणजे माझ्या ताईला, फोन केला.

"आई, पाणी उकळ गं. हात जोडते."

"कळलं, कळलं. शेजारी कुणी ऐकतंय वाटतं?"

"कुणी नाही! खरंच उकळ!"

ताईने फोन ठेवला आणि भावजींना डोळा मारला. "फारच चांगलं दिसतंय. अजून दोन कळश्या भरा."

मी तडजोडीचा माणूस. मी कोमट करून प्यायलो.

आता भाची दवाखान्यात खाटेखाटेशी जाऊन विचारपूस करते आहे. ताई सलाईनखालून तिच्यावर खेकसली, "सरळ सांगायचंस ना, पाणी अमृत आहे, पोटभर प्या! आम्ही तोंडाला लावलं नसतं."

नळाला अजून तेच पाणी येतंय, म्हणून भाचीने मला हे सगळं जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

तिने सांगितलं, हे वाचताच तुम्ही गालात हसून पेला उचललात ना? सावकाश होऊ द्या. माझ्या शेजारची खाट रिकामी आहे.