आमच्या धाकटीला नाय आवडणार

शेवंतामावशी कुठलाही पदार्थ स्वतःसाठी चाखत नाही. घास तोंडात गेला की डोळे मिटते, मान तिरकी करते आणि कुणाच्या तरी नावानं निकाल देते. "हे आमच्या थोरल्याला चालंल." "हे मालकांच्या दाताला नाय झेपायचं." आणि सगळ्यात जास्त वेळा, "आमच्या धाकटीला नाय आवडणार."

खरं तर आमच्या कामात बोलायचीच बंदी आहे. चिकलठाण्याच्या बाजूला एक संशोधन केंद्र आहे, तिथं आम्ही बायका चव बघायला जातो. कंपन्या काहीतरी नवीन खायचं काढतात, ज्वारीच्या शेवया, नाचणीची बिस्किटं, आणि ते बाजारात जायच्या आधी आमच्या जिभेवर येतं. मध्ये फळ्या लावून छोटे छोटे खण केलेत. वर लाल दिवा, म्हणजे रंग बघून कुणी भुलू नये. समोरच्या खिडकीतून वाटी येते. चाखायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, एक ते नऊमधला गुण द्यायचा. शेजारणीला ऐकू जाईल असं हूं की चूं करायचं नाही.

माझा खण मावशीच्या शेजारचा. मी सावंतवाडीकडची. आठवीत शाळा सुटली, पुढं चुलतबहिणीबरोबर वाळूजला पॅकिंगच्या कामाला आले. ती लग्न होऊन गेली, मी हर्सूलच्या खोलीवर राहिले. केंद्राच्या मॅडमनी शिक्षण न विचारता मला इथं घेतलं. त्या उपकाराची मला इतकी धास्ती, की मी नियमाबाहेर शिंकत नाही. लसूण सोडला, तेल सोडलं, वास नसलेला अबोलीचा गजरासुद्धा सोडला. गुण कायम पाच देते. चार दिले तर कंपनीला वाईट वाटेल, सहा दिले तर मॅडमना वाटेल हिला काही कळत नाही.

आणि मावशी मोगऱ्याचं तेल चोपडून येते! मॅडम म्हणाल्या, "अहो मावशी, वास!" तर म्हणते कशी, "आवो, डोस्क्याला लावलंय, जिभेला नाय." मॅडम हसल्या. माझ्या हाताला साबणाचा जरासा वास होता, तर मला परत धुऊन यायला लावलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मावशीचे शब्द तर मॅडम लिहूनच घेतात. एका बिस्किटाला ती म्हणाली, "ह्याला चार माणसांत बसायची सवय नाय." एका सूपला म्हणाली, "कुकर इसळला व्हय?" मी त्याच सूपला पाच गुण दिले होते. मलाही ते कुकर विसळल्यासारखंच लागलं होतं, पण मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बोलले नसते.

केंद्रात एक खोटं दुकानही आहे. माणसं कुठला पुडा उचलतात, का उचलतात, ते बघायला फळ्यांवर माल मांडून ठेवलेला. तिथं एक सर दुकानदार होऊन बसतात. मावशी आत गेली की प्रत्येक पुडा कानाशी धरून हलवते. एकदा त्या सरांशी भावावरून भांडली. सर म्हणाले, "मावशी, हे खरं दुकान नाही." "मग भाव कशाला खरा लावलाय? आन् कोथमिरीची काडी तरी टाका वर. लेकरंबाळं हायत घरात." सर दुसऱ्या दिवशी खरंच कोथिंबीर घेऊन आले. माझ्यासाठी कुणी कढीपत्त्याचं पानही आणलं नसतं.

पण माझा खरा जीव जळायचा तो त्या धाकटीवर. "आमच्या धाकटीला तिखट सोसत नाय." "धाकटी भाकरीची कड ठिवून देती ताटात." "तिला भाताबिगर जेवल्यासारखं वाटत नाय, करावा लागतो मूठभर." किती ते लाड! मी मनात म्हणायची, कड तर मीपण ठेवते, भात मलाही लागतो, पण मला विचारतंय कोण? घासागणिक कुणीतरी आपली आठवण काढावी, असं नशीब घेऊन येतात काही मुली.

अशात मॅडमनी सांगितलं, की नव्या बायकांना चव ओळखायला शिकवायला एकजण कायम ठेवायची आहे. मावशी, नाहीतर नियम पाळते म्हणून मी. माझी झोप उडाली. कायम झाले असते, तर घरी आईला सांगता आलं असतं, की आता मला कुणी काढणार नाही.

त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "मावशी, ज्वारीच्या शेवया तुमच्या घरी करा. घरातले सगळे कसे खातात, ते आम्ही बघायला येतो." कामच आहे ते आमचं. कोण आधी हात घालतं, कोण ताटात टाकतं, हे घरात बसून बघायचं. मावशीएवढं भरलेलं घर आम्हा कुणाचंच नव्हतं. तिचा चेहरा मात्र उतरला. "या की," एवढंच म्हणाली.

मॅडमची पिशवी धरायला मी गेले. मनात एकच, ती धाकटी दिसते कशी ते एकदा बघायचं. पुंडलिकनगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आत शेवयांचा वास, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली हार घातलेला एका माणसाचा फोटो. माणूस म्हणून एकटी मावशी.

"बाकीचे कुठंयत?" मॅडमनी विचारलं.

"थोरला पुण्याला असतो. त्याची लेकरंबी तिकडंच. मालक हे काय," तिनं फोटोकडं बोट केलं.

"मग रोज नावं घेता ती?"

मावशी पदराशी चाळा करत राहिली. "एकटीच्या तोंडाला चव लागत नाय वो मॅडम. कुणाच्या तरी तोंडानं खाल्लं, तर कळती."

मॅडमनी वही मिटली. मला आतून आनंदाची उकळी फुटली, खोटं कशाला सांगू. ती जागा माझी झाली होती.

"म्हणजे धाकटीपण नाही?"

"धाकटी हाय की," मावशी म्हणाली. "तुमच्या मागं हुबी हाय, पिशवी धरून. डब्यात रोज बघते मी, भाकरीची कड टाकती. ये गं, बस. तुझ्या शेवयांत मिरची नाय घातली."

मी बसले. ताटलीत शेवया होत्या आणि बाजूला मूठभर भात. शेवयांबरोबर भात कुणी खातं का? मी खाल्ला.

जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "आता तूच सांग, काय करू मी?"

मला ती जागा हवी होती. अजून हवी आहे. पण तोंडातून निघालं, "शिकवायला मावशीच पायजेत, मॅडम. मी सगळ्या बायकांना पाच द्यायला शिकवीन."

मावशी कायम झाली. मॅडम तिच्या शब्दांवर अजून हसतात, सर अजून कोथिंबीर आणतात, आणि माझा अजून तिच्यावर जळफळाट होतो. मोगऱ्याचं तेल तर तिनं वाढवलंच आहे.

परवा नाचणीची खीर आली. लाल दिव्याखाली मी पहिला चमचा तोंडात घातला, तेवढ्यात फळीपलीकडून आवाज आला, "आमच्या धाकटीला नाय आवडणार."

मॅडम समोरच उभ्या.

"आवडली!" मी मोठ्यानं ओरडले, आणि कागदावर आठ गुण दिले.