विहिरीचा खटला आणि पाच इच्छुक

निवडणूक जवळ आली की आमच्या शाळेच्या आवारात शाल आणि नारळ एकत्र आले, तर प्रभागातले सगळे इच्छुक तिथल्या तिथे प्रकट होतात. गाडीने येत नाहीत, चालत येत नाहीत. आत्ता नसतात आणि आत्ता असतात. ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत येतात. कोणी जेवत असेल तर हातात घास असतो, कोणी दाढी करत असेल तर अर्ध्या गालाला फेस असतो.

एकदा आले की भाषण केल्याशिवाय त्यांना जाता येत नाही. शेवटी 'जय हिंद, जय महाराष्ट्र' झालं की ते दिसेनासे होतात आणि आपल्या ताटावर परत जाऊन बसतात. यात त्यांचा काही दोष आहे असं मी म्हणणार नाही. आप्पासाहेब खुटवड हे आमचे जुने नगरसेवक. ते एकदा माझ्याकडे तक्रारच घेऊन आले होते, की बाई, तुमच्या सत्कारांपायी माझं एक जेवण धड होत नाही. मी म्हटलं, मग भाषण आटोपतं घेत जा. ते म्हणाले, ते काय आपल्या हातात असतं होय?

मी टेकवडे बाई. हिंगणदऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी स्नेहसंमेलन माझ्याच गळ्यात पडतं. कोणाच्याही गळ्यात पडलं असतं तरी चाललं असतं, पण आमच्या नगरपरिषदेची निवडणूक गेली तीन वर्षं जवळच आलेली होती. आज होणार, उद्या होणार, करत करत पुढे ढकलली जायची, आणि तोवर इच्छुक मात्र इच्छुकच. त्यामुळे उद्‌घाटनाला शाल-नारळ झाला की पाचही जण स्टेजवर. पाचही जणांची भाषणं. मग लहान मुलांचे नाच कसेबसे उरकायचे, आणि सातवीच्या नाटकाची वेळ आली की स्पीकरची परवानगी संपलेली असायची.

सातवीचं नाटक सगळ्यात शेवटी असतं. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे निरोपाचा मान त्यांचा. आणि दोन वर्षं हा मान असा कापला गेला होता.

त्यात ईश्वरी सोनटक्के दोन्ही वर्षं होती. पाचवीत असताना सातवीच्या नाटकाला एक लहान मुलगी हवी होती, म्हणून तिला घेतलं. सहावीत आवाज खणखणीत म्हणून पुन्हा घेतलं. दोन्ही वेळा पोरगी रंग लावून विंगेत उभी राहिली आणि तशीच घरी गेली. रडली नाही. तेच मला लागलं. पोरं रडली की समजूत घालता येते. यंदा ती स्वतः सातवीत. पुढच्या वर्षी तालुक्याच्या शाळेत जाणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि यंदा तर निवडणूक खरोखरच जाहीर झाली.

पालकसभेत यावर चांगली दोन तास जुंपली. काही पालकांचं म्हणणं, की आप्पासाहेबांनी वर्गावर पत्रे घातले, पाण्याची टाकी दिली, मग त्यांना दोन शब्द बोलू द्यायला नकोत का? मुलांनाही कळायला नको का, की आपल्या गावचा कारभार कोण बघतो? दुसरे म्हणाले, टाकी गावाच्या पैशातली आणि नाव मात्र टाकीएवढं मोठं, आता मुलांचा कार्यक्रमसुद्धा त्यांनाच द्यायचा का? एक गृहस्थ मधला मार्ग काढत म्हणाले, की येऊ द्या पण बोलू देऊ नका. त्यांना सगळ्यांनी मिळून समजावलं, की बोलल्याशिवाय ते जात नाहीत, मग त्यांना ठेवायचं कुठे? खरंच, ठेवायचं कुठे?

शेवटी आमचे मुख्याध्यापक धोंगडे सर आणि मी निवडणूक अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. पाठारे साहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आचारसंहिता पहिल्या पानापासून चाळली आणि चष्मा काढला.

"ताफा आहे, झेंडा आहे, ध्वनिक्षेपक आहे," ते म्हणाले. "प्रकट होणं यात कुठेच नाही. त्यावर मला बंदी घालता येत नाही."

"मग आम्ही काय करायचं साहेब?"

"नारळ आणू नका," पाठारे साहेब म्हणाले. "किंवा शाल. दोन्हीतलं एक चालेल."

इतकं सरळ होतं. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात का आलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होऊ शकतो, ही कल्पनाच आम्हाला नवीन होती. धोंगडे सर परत येताना दोनदा म्हणाले, बरं दिसेल का हो ते? मी म्हटलं, सर, मुलांची नाटकं न होणं तरी कुठे बरं दिसतंय?

मग मी कंबर कसली. उद्‌घाटन रद्द. शाळेच्या कपाटातल्या शाली माझ्या घरी. शिपाईमामांना सांगून ठेवलं, की देवाच्या फोटोपुढचा नारळसुद्धा त्या दिवसापुरता शेजारच्या किराणा दुकानात ठेवायचा. संमेलनाच्या दिवशी मी स्वतः फाटकावर उभी राहिले. थंडीचे दिवस, निम्म्या आज्या शाली पांघरून आलेल्या. त्यांना सोडलं. पण एका आजींच्या मागून त्यांचा जावई बाजाराची पिशवी घेऊन आला आणि पिशवीतून नारळाची शेंडी दिसली. मी त्याला तिथेच अडवलं. आजी म्हणाल्या, अहो आमच्या घरचे जावई आहेत. मी म्हटलं, आजी, जावई आत येऊ देत, नारळ बाहेर राहील. बाई फार झाल्या, असं कोणीतरी मागून म्हणालं. म्हणेना का.

पाठारे साहेबही येऊन पुढच्या रांगेत बसले. प्रकट होणं त्यांनी नुसतं ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं.

कार्यक्रम इतका झटपट चालला, की आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. नाच झाले, बालवाडीची गाणी झाली, आणि सातवीचं नाटक सुरू झालं तेव्हा स्पीकर बंद व्हायला चांगला वेळ होता.

नाटक मीच लिहिलेलं. गावाची बादली विहिरीत पडते आणि गाव विहिरीवर खटला भरतं, की हिने आमची बादली गिळली. विहीर झाला होता सिद्धेश, कमरेभोवती पुठ्ठ्याचा कठडा बांधून. न्यायाधीश ईश्वरी. तिचा शेवटचा निकाल चांगला पानभर होता. ती तो महिनाभर गोठ्यात म्हशीपुढे म्हणत होती, असं तिच्या आईने मला सांगितलं होतं. म्हैस पान्हा चोरायला लागली तरी पोरगी थांबली नाही.

आता चूक सांगते. निकालाच्या आधी कोर्ट विहिरीचं वय विचारतं. विहीर म्हणते, तीनशे वर्षं. मग कोर्ट म्हणतं, एवढ्या ज्येष्ठ आरोपीचा सत्कार केल्याशिवाय निकाल देणं बरं नव्हे. हे मी लिहिलं. धोंगडे सरांनी वाचलं. सगळ्या शिक्षकांनी तालमी पाहिल्या. एकालाही खटकलं नाही, कारण आपल्याकडे कशाच्याही मध्ये सत्कार आला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही. तालमीत आम्ही टॉवेल आणि चेंडू वापरायचो. पण सिद्धेशच्या आईने, खऱ्या कार्यक्रमाला खरं हवं म्हणून, घरून नवी शाल आणि नारळ दिला होता, आणि ते पोराने पुठ्ठ्याच्या कठड्याआडून आत आणलं होतं. फाटकावर मी विहिरीच्या आत कुठे बघणार?

शाल सिद्धेशच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला, आणि पाचही इच्छुक स्टेजवर उभे राहिले.

आप्पासाहेब बनियनवर होते आणि त्यांच्या एका हातात मोजा होता. त्यांच्या विरोधातल्या रंजनाताई काळोखे पोळी लाटता लाटता आल्या होत्या. बाकीचे तिघे प्रचारातून आले असावेत, त्यांचे हात जोडलेलेच होते. पाठारे साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. पाच भाषणं. म्हणजे संपलं. धोंगडे सर तर सवयीने माईक घेऊन स्टेजच्या पायरीवर पोचलेसुद्धा.

"उपस्थित बंधू-भगिनींनो," आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

ईश्वरीने हातोडा आपटला. "कोर्टाने बोलायला सांगितलेलं नाही."

"दोनच शब्द बाळा."

"तुम्ही साक्षीदार आहात?"

"नाही."

"वकील आहात?"

आप्पासाहेबांनी रंजनाताईंकडे पाहिलं. रंजनाताईंनी लाटणं पाठीमागे घेतलं. दोघेही वकील नव्हते.

"मग तुम्ही प्रेक्षक आहात," ईश्वरी म्हणाली. "प्रेक्षक खाली बसतात."

यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं. आप्पासाहेबांनी धोंगडे सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाठारे साहेबांकडे. साहेब उठून उभे राहिले आणि हाताची घडी घालून एवढंच म्हणाले, की हा कोर्टाचा आदेश आहे, निवडणूक आयोगाला त्यात पडता येत नाही.

मग ते पाचही जण खाली उतरले. खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून सतरंजीवर दुसरीच्या मुलांमध्ये बसले. एका मुलीने रंजनाताईंना विचारलं, की लाटणं मी धरू का? त्यांनी दिलं.

आणि ईश्वरीने निकाल सुरू केला. काय सांगू तुम्हाला. पान मी लिहिलं होतं, पण ते असं ऐकू येईल हे मला माहीत नव्हतं. बादली विहिरीने गिळली नाही, दोर धरणाऱ्याने दोर सोडला, असं ती म्हणाली. सोडणाऱ्याने आता स्वतः विहिरीत उतरावं, बादली काढावी आणि पहिलं पाणी विहिरीवर आळ घेणाऱ्यांना पाजावं, असा तो निकाल होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लपवायचं काय त्यात? तिच्या आईने तर पदरच तोंडाला लावला होता. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

टाळ्या थांबल्यावर धोंगडे सर माईक घेऊन सतरंजीपाशी गेले. आता पाहुण्यांना मोकळं करायला हवं होतं. बनियनवरच्या माणसाला थंडीत किती वेळ बसवणार? त्यांनी माईक आप्पासाहेबांच्या तोंडापुढे धरला.

आप्पासाहेबांनी तो हाताने बाजूला केला.

इतकी वर्षं ते आमच्या संमेलनाला येत होते, पण भाषण संपलं की दिसेनासे होत होते. आमच्या शाळेचं एकही नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते सतरंजीवरून अर्धवट उठले आणि स्टेजकडे बघून म्हणाले, "जजसाहेब, आम्ही मधूनच आलो. ती बादली पडली कशी, ते आम्हाला कळलंच नाही. सुरुवातीपासून परत दाखवाल का?"

बाकीच्या चौघांनीही माना डोलावल्या. माईक कोणीच घेईना.

ईश्वरी माझ्याकडे बघायला लागली. मी घड्याळाकडे पाहिलं. स्पीकरवाला वायर गुंडाळायला लागला होता. मी तिला म्हटलं, "माईक नाही मिळायचा."

"नको," ती म्हणाली, आणि पडदा ओढायला सांगून आत गेली.

नाटक पुन्हा झालं. माईक नसूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. बादली पडली तेव्हा आप्पासाहेब मोठ्याने हळहळले. सत्काराच्या प्रसंगात पुन्हा शाल-नारळ झाला. आमचे पाचही आधीच हजर असल्यामुळे या खेपेला शेजारच्या प्रभागातले चौघे प्रकट झाले. त्यातल्या एकाने हात जोडले आणि घसा साफ केला. आप्पासाहेबांनी खालूनच त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि सरकून जागा केली. ईश्वरी चौघे सतरंजीवर नीट टेकेपर्यंत थांबली, आणि मग तिने निकाल पहिल्या शब्दापासून द्यायला सुरुवात केली.