टुणी बेडकीचं भाषण

एका जंगलात, म्हणजे आपल्या आळीपेक्षा जरा कमी गलक्याच्या जंगलात, एक शाळा होती. ओढ्याकाठच्या सपाट कातळावर भरायची. मुलं इतकी गुणी, की वर्गात कुणी हूं की चूं करत नसे.

टिटवीबाई शिकवायच्या. बोलायच्याही त्याच. दिवसभर.

वर्गात टुणी नावाची बेडकी होती. आता बाळांनो, बेडकाचं अंग ओलं राहायला हवं, नाहीतर जीव घाबरा होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनाही ठाऊक होतं. तो धडा त्यांनीच शिकवला होता. पण वर्ग चालू असताना उठायचं नाही, असा नियम. त्यामुळे टुणी ओढ्याकडे बघत सुटीची वाट पाहायची. घरी जाताना तिची पाठ पापडासारखी झालेली असायची. वरच्या फांदीवरच्या खारीने ती कितीदा पाहिली होती. खारीला चौकशा फार, पण मनाने चांगली. शेजारीण असावी तर अशी.

एकदा सिंहाच्या दरबारातून हुकूम आला. ‘आमच्या राज्यातली मुलं मुखदुर्बळ झाली आहेत. स्वतःची गरज स्वतः सांगायला त्यांना शिकवा.’

“एवढंच ना?” टिटवीबाई म्हणाल्या. “वक्तृत्व स्पर्धा घेऊ. विषय, ‘माझी गरज, माझ्या तोंडून’.”

मुलं चुकू नयेत म्हणून सगळ्यांची भाषणं बाईंनीच रचली. हात कुठे वर करायचा, डोळे कुठे पुसायचे, तेही बसवून दिलं.

सराव सुरू झाला. टुणीने हात वर केला.

“बाई, मी जरा ओढ्यात बुडी मारून येऊ?”

“खाली बस! मी इथे घसा फोडून गरज सांगायला शिकवतेय, आणि तुझं मध्येच काय?”

टुणी खाली बसली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. अध्यक्ष म्हणून गवासाहेबांना बोलावलं होतं. त्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून अध्यक्षीय भाषण आधी झालं. ते संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. साहेब सावलीत होते. मुलं कातळावर.

पहिलं नाव टुणीचं. तिची आई कमळाच्या पानाची टोपी घालून पुढेच बसली होती. टुणीने नमस्कार केला.

“सन्माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या चिमुकल्या मित्रमैत्रिणींनो! मला गरज आहे ती ज्ञानसूर्याच्या प्रखर, लख्ख, तळपत्या...”

इथे ती अडली.

“प्रकाशाची!” बाई खालून कुजबुजल्या.

“नको,” टुणी म्हणाली. “ऊन पुरे झालं. मला पाणी हवंय. अंग सुकतंय माझं.”

गवासाहेबांनी मान डोलावली. “वा! काय हावभाव आहेत!”

टाळ्या पडल्या.

“खरंच सुकतंय हो!”

आणखी टाळ्या.

“अगं, वाक्य पुरं कर!” आई म्हणाली. “बक्षीस आहे!”

“अहो, पोरगी मरेल!” खार फांदीवरून ओरडली. “पाणी द्या तिला कुणीतरी!”

“तुम्ही गप्प बसा हो खारताई,” टिटवीबाई फिस्कारल्या. “तिचं तिला बोलू द्या! तीच तर स्पर्धा आहे!”

टुणीने सगळ्यांकडे पाहिलं. मग ओढ्याकडे तोंड वळवलं, पाय दुमडले आणि अध्यक्षांच्या शिंगांवरून थेट ओढ्यात उडी घेतली.

एकच हलकल्लोळ झाला. साहेबांच्या नाकावर शिंतोडे उडाले. आई धावत काठावर आली. “नाक कापलंस गं माझं!” असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण लेकीची भेगाळलेली पाठ बघून तिला ते म्हणवेना. तिने टोपी काढली आणि त्याच पानाने ती पोरीच्या पाठीवर पाणी घालू लागली.

टिटवीबाईही आल्या. त्यांचाही जीव कळवळला, खोटं कशाला बोला.

“अगं वेडे,” त्या म्हणाल्या, “एवढा त्रास होत होता, तर सांगायचं नाही का?”

टुणीने डोकं पाण्याखाली घातलं.

स्पर्धा पुढे चालू झाली. पुढचं नाव कासवाच्या पोराचं. ते कातळावर आलं, गर्दी बघून घाबरलं आणि पाठीच्या ढालीत शिरलं. घंटा होईपर्यंत बाहेर आलंच नाही.

पहिला नंबर त्यालाच मिळाला. पेला देताना गवासाहेबांनी त्याची ढाल थोपटली.

“बघा, कसली म्हणून तक्रार नाही पोराची!”

तात्पर्य : मुलांनी आपली गरज बेधडक सांगावी. फक्त ती अशी निवडावी, की ऐकणाऱ्याला जागचं उठावं लागू नये.