ओढ कुणाची जास्त?

आमच्या शेजारच्या मुकादम सरांच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता, पण शर्टाच्या खिशात कायम प्लॅस्टिकचा कंगवा. कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांचे केस बघायचे, मग नळ कुठे आहे ते विचारायचे.

नवीन पनवेलला आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी त्यांनी बेल वाजवली. "मी मुकादम. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. जरा डोकं द्या." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या केसांतून खसाखसा कंगवा फिरवला, मला बेसिनपाशी नेलं, नळाची बारीक धार सोडली आणि कंगवा तिच्याजवळ धरला. धार चक्क कंगव्याकडे वाकली.

"पाणी पोलर आहे, शिरीषभाऊ!" सर असे खुलले, जणू पाण्याचं लग्न ठरलंय.

नळाला बारीक धार येते म्हणून आख्खी सोसायटी वैतागलेली असायची; खूश असायचे ते एकटे मुकादम सर. पावसाळ्यात मात्र ते चिडचिडे व्हायचे. दमट हवेत कंगवा दगा देतो.

पोलर म्हणजे काय, असं चुकून विचारलं की हातातला चहा गार झालाच म्हणून समजा. "दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात. आता सवाल एकच, ओढ कुणाची जास्त? त्या ओढीचं नाव इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी. तुमचा टीव्हीचा रिमोट घ्या. दोघांची ओढ सारखी, तर रिमोट टीपॉयच्या मधोमध. तो नॉनपोलर बंध. एकाची ओढ जास्त, तर रिमोट त्याच्याकडे सरकणार. ती बाजू थोडी ऋण, दुसरी थोडी धन. झाला पोलर!" मग सोफ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं लग्न पोलर आहे."

रिमोट माझ्या बायकोच्या, अनघाच्या मांडीवर होता.

"आणि ओढीत फारच फरक असला तर?" मी विचारलं.

"मग वाटणी कसली? क्लोरीन सोडियमचा इलेक्ट्रॉन काढूनच घेतो. सोडियम बिचारा देऊन मोकळा. आपण त्यांना मीठ म्हणून खातो."

आमची मुक्ता बारावीला गेली आणि केमिस्ट्रीला घाबरून रडायला लागली. सरांना कळलं. ते रोज संध्याकाळी येऊ लागले. फी विचारली तर कानाला हात लावून "तौबा" म्हणाले. त्यांची बायको, सकीनाभाभी, लेकीच्या बाळंतपणाला शारजाला गेल्या होत्या आणि नातवात रमून तिथेच राहिल्या होत्या. सर का जात नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, "तिथे माझं काय काम? तिथल्या नळांना फार प्रेशर असतं." आम्ही हसायचो.

मुक्ता चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. सर पेढे घ्यायला आले, ते शेवटचे. जिन्यात भेटले तर "घाईत आहे" म्हणायचे. घाई कसली, ते कळेना.

एकदा बाजारातून येताना अनघाला ते रिक्षा स्टँडवर दिसले. एका रिक्षावाल्याच्या केसांतून कंगवा फिरवत होते, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तेवढ्यात भाडं आलं आणि रिक्षा निघून गेली. सर बाटली आणि कंगवा धरून तसेच उभे राहिले.

अनघाने घरी येऊन पिशव्या ठेवल्या आणि थेट त्यांची बेल वाजवली. "सर, ते पोलरचं मला काही कळलेलं नाही. मुक्ताला सांगायचात तेव्हा अर्धं कानावर पडायचं. आता नीट सांगा."

सर आले. अनघा पोळ्या लाटत होती, ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. आधी जरा अडखळले, मग रंगात आले. ऑक्सिजन, हायड्रोजन, ओढ. ती प्रत्येक वाक्याला "अच्छा" म्हणत होती.

"आता कार्बन डायऑक्साइड घ्या, भाभी. ऑक्सिजनची ओढ कार्बनपेक्षा जास्त, म्हणजे दोन्ही बंध पोलर. तरी आख्खा रेणू नॉनपोलर. का असेल?"

"सरळ रेषेत असतो ना," अनघा तव्यावरची पोळी उलटत म्हणाली. "दोन्ही ओढी विरुद्ध दिशांना. एकमेकींना रद्द करतात."

आणि तिने जीभ चावली.

सर खुर्चीत सरळ झाले. "भाभी, तुमचं शिक्षण?"

मी पेपरमध्ये तोंड खुपसलं. अनघा बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. मुक्ताला आईकडून शिकायचं नव्हतं, म्हणून तो विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

तिने सांगून टाकलं.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"पोळ्या करताना कुणी बोलत बसलं की बरं वाटतं," अनघा म्हणाली. "हे पेपरमधून डोकं काढत नाहीत."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. तिने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. ते मुकाट्याने जेवले. निघताना दारात थांबून म्हणाले, "उद्या अमोनिया करू या. वाटतो सोपा, पण गडबड होते. तुम्ही विसरला असाल."

"साफ विसरलेय," अनघा म्हणाली.